दुसऱ्या कारखान्याचे भिंग

कुंभकोणम्,
२१ जून १९५९

चि. चंद्रमौळी यास,

आज रविवार. सकाळी स्नान-संध्या झाली. नदीला पाणी आले म्हणून लोक पुलावर पाहायला गेले. मी गेलो नाही. धाकट्या किट्टूने दुपारपर्यंत स्टुडिओ उघडा ठेवला, एका नवरा-नवरीचा फोटो झाला. सूनबाई सरोजाने वांग्याची भाजी केली होती. जेवून ओसरीवर पडलो, झोप आली नाही, म्हणून लिहायला बसलो.

थोरला तुकोजी गेल्याला वर्ष होऊन गेले. तेव्हापासून आपलाही पत्रव्यवहार नाही. दहाव्या दिवशी घाटावर तुझे-माझे जे बोलणे झाले त्याबद्दल मी काही लिहीत नाही. हे कामाचे पत्र आहे. तू मद्रासला कॅमेऱ्यांच्या दुकानात आहेस, आणि या विषयातले मला दुसरे कुणी माहीत नाही.

आमच्या पेठेतल्या देवळाचा कुंभाभिषेक नऊ सप्टेंबरला ठरला आहे. गोपुराला परांची बांधायला सुरुवात झाली. फोटोचे काम किट्टूला मिळाले. कळसांवर मंत्राचे पाणी ओततात, त्याच वेळी वर गरुड घिरट्या घालतो असे लोक मानतात. पाणी आणि गरुड एकाच फोटोत यावे ही सगळ्या फोटोग्राफरांची इच्छा असते. तुकोजी इन्नंबूरच्या बाजूच्या एका खेड्यात परांचीवर चढला तो याच फोटोसाठी. फोटो झाला नाही.

किट्टू परवा जेवताना म्हणाला, "अण्णाचं जे राहिलं ते मी पुरं करणार."

मी विचारले, "खालून होत नाही का?"

"खालून गोपुराचं नुसतं पोट दिसतं, अप्पा. कळसांची टोकं तेवढी. चढल्याशिवाय काही नाही."

सरोजा वाढत होती, ती तशीच आत गेली.

चंद्रमौळी, मला एकच मुलगा उरला आहे. तो चढू नये एवढेच मला पाहिजे. तोंडाने सांगून तो ऐकणार नाही, आणि मला तसे सांगता येत नाही, हे तू जाणतोस. जमिनीवरून किंवा एखाद्या माडीवरून कळस जवळ दिसतील असे भिंग मिळते का? खर्चाचे मी पाहीन. उत्तर माझ्या नावाने पाठव. किट्टूला या पत्राची माहिती नाही.

तुझा थोरला भाऊ
पांडुरंगराव


कुंभकोणम्,
१२ जुलै १९५९

चि. चंद्रमौळी यास,

उत्तर पोचले. वर नमस्कार नाही, खाली नुसती सही. ठीक आहे.

मला समजले ते असे. किट्टूच्या जर्मन कॅमेऱ्याला त्याच कंपनीचे लांब भिंग मिळते. ते नीट बसते, हलके आहे, चित्र स्वच्छ येते. पण ते एकाच अंतराचे. चित्र लहान-मोठे करायचे तर माणसानेच पुढे-मागे सरकायचे. दुसरे आहे ते निराळ्याच कारखान्याचे. त्याला तू झूम म्हणतोस. त्याची कडी फिरवली की उभ्या जागी लांबचे जवळ येते, कंपनीच्या भिंगापेक्षाही जवळ. पण ते जड, तिवईशिवाय चालत नाही, आत अंधुक दिसते, पुरते जवळ आणले की चित्राच्या कडा विरघळतात, आणि आपल्या कॅमेऱ्याला बसवायला मध्ये जोडकडी लागते. "कंपनीचेच घ्या" हे तू दोनदा लिहिलेस.

माझाही कल तिकडेच होता. आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात मी नोकरीभर भिंगातून रोगट पाने पाहिली. भिंग खात्रीचे नसेल तर पाहिलेले आमचे साहेब मानीत नसत.

पाकिटातून तुझे छापील पत्रक खाली पडले आणि किट्टूने उचलले.

"काकांना लिहिलंत?"

"भिंगाबद्दल."

तो हसला. "वर्षभर ज्यांचं नाव घरात निघालं नाही, त्यांना एकदम भिंगासाठी पत्र! तुम्हा दोघांनाच लांब भिंग लागेल, अप्पा."

मी विषय बदलण्यासाठी जोडकडीची शंका काढली. म्हटले, परक्याचे भिंग, कडी लावून बसवलेले, त्याचा भरवसा किती?

"आपलं तरी काय वेगळं आहे? इतक्या पिढ्या या गावात कडी लावूनच बसलोय. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. अजून पडलो नाही."

मग त्याने पत्रक उलटून पाहिले. पडणे हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही.

थोड्या वेळाने म्हणाला, "कंपनीचंच मागवा. पण ते लावून मी खाली उभा राहीन असं समजू नका. वर गेलं की कळस हाताशी असतात, गरुड मात्र उंच असतो, त्याला लांब भिंग पाहिजे. कंपनीचं हलकं आहे, गळ्यात घालून चढता येतं."

तेव्हा मला कळले की मी कशासाठी काय मागवत होतो. आणखी थोडे थांब. मी जागा पाहून लिहितो.

पांडुरंगराव


कुंभकोणम्,
९ ऑगस्ट १९५९

चि. चंद्रमौळी यास,

झूमच पाठव. कंपनीचे पाठवू नकोस. दुकानात संपले असे किट्टूला कळव.

तू विचारशील, वाईट चित्र देणारे भिंग मुद्दाम का घेता? जड आहे हाच त्याचा गुण. ते गळ्यात घालून कुणी शिडी चढणार नाही. तिवईवरच ठेवावे लागेल, आणि तिवई परांचीवर उभी राहत नाही.

जागा मिळाली आहे. देवळाच्या दक्षिणेच्या गल्लीत शिवकामी अम्माळ म्हणून एक म्हाताऱ्या विधवा बाई राहतात. त्यांच्या माडीच्या उघड्या गच्चीवरून गोपुराचे डोके सबंध दिसते. कुणाच्या दाराशी जाऊन काही मागायचे मला जमत नाही. दोनदा त्या दारावरून नुसताच पुढे गेलो. तिसऱ्या वेळी त्यांनीच हाक मारली, "काय सामी, काही हरवलंय का इथं?" मी सांगितले. त्या म्हणाल्या, "फोटो काढा, पण माझे पापड तुडवू नका. आणि एवढा मोठा डोळा आणून बसवणारच आहात तर कावळेही हाका."

गच्चीला कठडा नाही. मी मधोमधच उभा राहिलो, कडेला गेलो नाही. तरी परांचीपेक्षा बरे.

आणखी एक गोष्ट, ती तुझ्याजवळच ठेव. सरोजाला दिवस गेले आहेत. पाचवा महिना लागल्याशिवाय हे बाहेर काढायचे नाही असे तिच्या आईने सर्वांना बजावले आहे. गर्भिणीच्या नवऱ्याने डोंगर चढू नये, उंचावर जाऊ नये हे आपल्याकडे पाळतात. मी किट्टूला तेवढे म्हणून पाहिले. तो म्हणाला, "गोपुर म्हणजे डोंगर नाही, अप्पा. शास्त्रात फोटोग्राफरांबद्दल काही लिहिलेलं नाही."

तू विचारलेस की कॅमेऱ्याच्या तोंडाची कडी सरळ आहे का, नाहीतर जोडकडी बसणार नाही. सरळ नाही. एका बाजूला पोचा आहे. तो कॅमेरा तूच तुकोजीला दिला होतास. पोचा कशाचा, ते विचारू नकोस.

पांडुरंगराव


कुंभकोणम्,
३० ऑगस्ट १९५९

चंद्रमौळी,

पेटी आली. झूम आले, ते लावून दुकानातला दुसरा कॅमेरा तू उसना पाठवलास, इथवर ठीक. खाली गवतात कंपनीचे भिंगही निघाले. तुझी चिठ्ठी वाचली. "मुलाला फसवून जमिनीवर ठेवता येत नाही. दोन्ही त्याच्यापुढे ठेवा, त्यालाच निवडू द्या."

तुला मूल नाही, चंद्रमौळी. हे लिहायला नको होते. लिहिले आहे, खोडत नाही.

किट्टू स्टुडिओत होता. कंपनीचे भिंग मी माझ्या ट्रंकेत तुकोजीच्या शर्टांखाली ठेवले. त्या ट्रंकेला घरात कुणी हात लावत नाही.

काल शिवकामी अम्माळच्या माडीवर झूम लावून पाहिले. किट्टूने कडी पुरती फिरवली, बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "जवळ आणलं की सगळे देव घामेजल्यासारखे दिसतात."

"चालणार नाही?"

"चालवायचं म्हटलं तर चालेल. तुम्ही पाहा."

मी डोळा लावला. आधी काही दिसेना. मग कळस दिसले, त्यांच्याखाली बांबू, आणि बांबूवर एका गवंड्याचा उघडा पाय. अगदी जवळ. टाच हवेत होती, नुसत्या बोटांवर तो उभा होता आणि वर हात करून काहीतरी लिंपत होता. पाय हलला तसा मी तिवई धरली. किट्टू हसला, "तुम्ही त्याला कशाला धरता?"

तुकोजी गेल्यावर झालेल्या चौकशीच्या वेळी मला सगळे सांगितले होते, बांबू कुठला, दोरी कुठली. पण पाय कसा असतो ते मी कधी पाहिले नव्हते. तेव्हापासून जेवताना, बसताना तो पाय दिसतो.

आज सकाळी परांचीचा मुख्य महालिंग मेस्त्री याला भेटलो. ते लोक परांचीवरचे नेमधर्म आपल्यापेक्षा कडक पाळतात. घरात बाई गरोदर आहे एवढे एक वाक्य सांगितले असते तर त्याने किट्टूला शिडीला हात लावू दिला नसता. वाक्य तोंडाशी आले. पण पाचवा अजून लागायचा आहे. पूर्वी मी दृष्टबिष्ट मानीत नव्हतो. आता कुठली भीती खरी आणि कुठली खोटी हे मला ठरवता येत नाही. मी एवढेच म्हणालो, "फोटोवाला किट्टू माझा मुलगा. त्याच्याकडे जरा लक्ष असू द्या."

त्याने हात जोडले. "सामी, तुम्ही स्वतः आलात! आता त्याची काळजी माझ्यावर."

परतताना बरे वाटत होते.

पांडुरंगराव


कुंभकोणम्,
१० सप्टेंबर १९५९

चि. चंद्रमौळी यास,

किट्टू घरी आहे, सुखरूप आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचे तुला नीट वाचता येईल.

काल पहाटेपासून गल्ल्या भरल्या होत्या. आम्ही दोघे उजाडता माडीवर गेलो. किट्टूने तिवई लावली, झूम लावले, कळस नेमके मध्ये आणले. मला कडी कशी फिरवायची आणि कळ कुठे आहे ते दाखवले. त्याच्या अंगात तुकोजीचा निळ्या रेघांचा शर्ट होता. मला वाटले, आज त्याची आठवण म्हणून घातला. बरे वाटले. शर्ट कुठल्या ट्रंकेतून निघाला याचा विचार मी केला नाही.

"समितीच्या लोकांना भेटून आलोच," तो म्हणाला. "कुणी हात लावू नये म्हणून तुम्ही बसा."

मी बसलो. वाद्ये सुरू झाली. शिवकामी अम्माळ शेजारी येऊन बसल्या. मुहूर्त जवळ आला, पुजारी घडे घेऊन शिड्या चढू लागले, किट्टू आला नाही. काय चालले आहे ते पाहावे म्हणून मी डोळा लावला आणि कडी फिरवली.

कळसांच्या खाली, डाव्या टोकाला, निळ्या रेघांचा शर्ट होता. चंद्रमौळी, मला आधी तुकोजीच दिसला. किट्टू आहे हे मागाहून कळले. किती वेळाने ते सांगता येत नाही.

त्याच्यासाठी वेगळी फळी बांधली होती. बाकीचे बांबूवर उभे होते, हा फळीवर, सगळ्यांच्या वर, कळसाला लागून. महालिंग खालून त्याला आधार देत होता आणि आमच्या माडीकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता. त्याच क्षणी मला माझे वाक्य आठवले. त्याने लक्ष ठेवले होते. त्याच्या समजुतीप्रमाणे बापाने येऊन मुलाला चांगली जागा मागितली होती.

शिवकामी अम्माळने विचारले, "काय दिसतं, सामी? देव दिसतो का?"

मी हो म्हणालो.

हाक मारून उपयोग नव्हता. पळत जाऊन उपयोग नव्हता. मी भिंगातून डोळा काढला नाही. तो चौकटीत आहे तोवर पडणार नाही, चौकटीतून गेला की पडेल, असे काहीतरी डोक्यात बसले. भिंगात सगळे अंधुक होते, कडा विरघळत होत्या, आणि गर्दीमुळे माडी हादरत होती. तो जरा इकडे-तिकडे झाला की मी तिवईची मूठ वळवून त्याला परत मध्ये आणत होतो. तुकोजीचा कॅमेरा कंपनीचे भिंग लावून त्याच्या गळ्यात लोंबत होता. त्याचे दोन्ही हात बांबूला होते. सूर्य कळसावर आला, पाणी ओतले, खाली लोक ओरडले. त्याचे हात बांबूलाच होते. गरुड आला म्हणतात. मी पाहिला नाही. माझे बोट कळीवर कधी गेले ते मला आठवत नाही. आवाज झाला एवढे खरे.

मग तो उतरू लागला. एक पाय खाली, मग दुसरा. गोपुराच्या मध्यापर्यंत मी त्याला धरून आणला. त्याखाली समोरच्या घराचे छप्पर आड आले आणि तो दिसेनासा झाला.

नंतर मी काय केले ते मला नीट माहीत नाही. शिवकामी अम्माळ म्हणतात, मी पापडांवर उभा होतो.

जिन्यात त्याचा आवाज आला तेव्हा मी खाली बसलो. तोही समोर बसला.

"महालिंग म्हणाला, तुमच्या वडिलांनी येऊन सांगितलंय, म्हणून खास फळी. खरं?"

"लक्ष ठेव म्हणालो होतो."

"ट्रंकेत भिंग सापडलं, वर गेलो तर फळी तयार. मला वाटलं तुम्हीच सगळं ठरवलंय. तोंडानं बोलत नाही, म्हणून असं करून मला जा म्हणताय." त्याने हाताची बोटे उघडून पाहिली. "गरुड डोक्यावर होता, अप्पा. एवढा मोठा. कॅमेरा गळ्यात. पण हात सुटेनात. एक बोटही सुटेना."

"मी पाहिले," मी म्हणालो.

आज तो दिवसभर झोपला आहे.

पांडुरंगराव


कुंभकोणम्,
२० सप्टेंबर १९५९

चि. चंद्रमौळी यास,

तुझे पत्र मिळाले. या वेळी वर नमस्कार होता. तो मी पाहिला.

फिल्म धुतली. किट्टूच्या कॅमेऱ्यात वरचे काही नाही, चढण्याआधी घेतलेली गर्दी तेवढी आहे. कुंभाभिषेकाचा म्हणून एकच फोटो निघाला, तो झूमचा, म्हणजे माझ्या बोटाचा. पाणी कळसावरून खाली येत आहे. वर एका कोपऱ्यात एक काळा ठिपका आहे, किट्टू म्हणतो तोच गरुड. सगळे थोडे पुसट आहे. मधोमध, डाव्या टोकाच्या कळसाशी, एक माणूस बांबूला मिठी मारून उभा आहे. त्याचे तोंड मात्र ओळखू येते.

समितीचे सुंदरेश अय्यर पाहायला आले. त्यांना पाणी आवडले, गरुड फार आवडला. म्हणाले, "पुसट असू दे, भक्तांना चालतं. छापून सगळीकडे वाटू. फक्त या माणसाला काढून टाका. देवाच्या कळसाजवळ हा कोण?"

किट्टूने ब्रश घेतला. प्रतीवर रंग लावून माणूस झाकायचा आणि तिचा पुन्हा फोटो घ्यायचा, त्यांच्या धंद्यात हे रोजचे काम आहे. वरातीतला नको असलेला जावईसुद्धा ते असा काढतात. तो म्हणाला, "मीच तो. मीच मला पुसतो, सोपं आहे."

त्याने राखी रंग कालवला. ब्रशचे टोक त्या शर्टावर टेकणार, तेवढ्यात मी फोटो टेबलावरून उचलला.

"नाही," मी म्हणालो.

सुंदरेश अय्यर म्हणाले, "काय झालं, सामी? नुसता रंग तर आहे."

"हा फोटो द्यायचा नाही."

"मग कुंभाभिषेकाचं काय? आमच्याकडे एकही नाही!"

किट्टू माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने ब्रश पाण्यात बुडवला आणि त्यांना म्हणाला, "अप्पा नाही म्हणतात." ते रागावून गेले. पुढच्या उत्सवाचे काम दुसऱ्याला जाईल. जाऊ दे.

ते गेल्यावर किट्टूने कंपनीचे भिंग गवतात गुंडाळून पेटीत घातले. मी काही विचारले नव्हते. म्हणाला, "हे काकांना परत करा. झूम ठेवू. लग्नांत कामाला येईल, एका जागी उभं राहून होतं."

"पुसट येते म्हणालास."

"पुरतं जवळ नाही आणायचं," तो म्हणाला. "थोडं अलीकडे थांबायचं."

पेटी उद्याच्या पार्सलने निघेल. उसना कॅमेराही त्यातच आहे. फोटोची एक प्रत तुला ठेवली आहे. ती कुणाला दाखवू नकोस.

भीती गेली असे लिहिले तर खोटे होईल. पट्टीश्वरम्‌च्या बाजूचे एक काम विचारायला काल माणूस आला होता. किट्टूने जमिनीवरून घेईन म्हणून सांगितले. मी दाराआडून ऐकत होतो, आणि तो माणूस वळणापलीकडे जाईपर्यंत तिथेच उभा राहिलो. तो उद्या काय ठरवील ते मला माहीत नाही. त्याने कधी तुझ्याकडे कंपनीचे भिंग मागितले तर त्याला संपले म्हणून सांगू नकोस. दे. फक्त मला कळव.

सरोजाला पाचवा लागला. आता बोलायला हरकत नाही, म्हणून आज महालिंगलाही सांगितले. त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि मला खूप बोलला. मी ऐकून घेतले. पुढच्या महिन्यात तिला इकडच्या रीतीने डोहाळजेवणाच्या बांगड्या भरायच्या आहेत. तू ये. घाटावरचे बोलणे घाटावर राहू दे.

किट्टू आणि सरोजा देवळात गेली आहेत. घरात कुणी नाही. डिंकाची बाटली वाळून गेली. आता उठतो, स्वयंपाकघरात झाकलेल्या भातातली दोन शिते घेतो आणि हे पाकीट चिकटवतो.

पांडुरंगराव